माझा चेहरा बघून कळायला नको का? ऑटिस्टिक माणसाला भावना कशा सांगायच्या, आणि त्याच्या मेंदूत तेव्हा काय चालू असतं

तुम्ही तोंड पाडून बसलाय, दोनदा मोठा उसासा पण टाकून झालाय, आणि समोरचं माणूस शनीच्या कड्यांबद्दल सांगतंय ते सांगतंयच. मग तुम्ही भडकता, "माझा चेहरा बघून काही कळत नाही का तुला?" आणि ते गोंधळून तुमच्याकडे बघतं, कारण त्याला खरंच कळलेलं नसतं. किंवा काहीतरी बिनसलंय एवढं कळलेलं असतं पण नेमकं काय ते लागलेलं नसतं.

माझा भाचा ऑटिस्टिक (म्हणजे स्वमग्न) आहे, आता १९ वर्षांचा आहे, आणि त्याच्याबरोबर माझं हे कितीतरी वेळा झालंय. एकदा तोच मला म्हणाला, "मावशी तू सरळ सांग ना, मी तुझ्या भुवया बघत बसलो की तू काय बोलतेस ते माझ्यापर्यंत पोचतच नाही." त्या वाक्यानंतर मी या विषयावर वाचायला लागले ते अजून वाचतेच आहे. ज्यांच्या घरात, वर्गात, ऑफिसात कुणी ऑटिस्टिक आहे त्यांच्यासाठी आणि जे स्वतः ऑटिस्टिक आहेत त्यांच्यासाठी पण हे लिहितेय. आधी मेंदूचं सांगते, कारण ते समजलं नाही तर पुढच्या सूचना नुसत्या पाठ होतात आणि पहिल्या भांडणात विसरल्या जातात.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका

"त्यांना भावनाच नसतात" हे वाक्य अजून ऐकू येतं आणि प्रत्येक वेळी मला तितकाच त्रास होतो. दुसऱ्याचा चेहरा बघून त्याला काय वाटतंय हे ओळखणं ही एक गोष्ट, ते कळल्यावर आपल्या आत काहीतरी हलणं ही दुसरी, आणि आत जे हललं ते आपल्या चेहऱ्यावर दिसणं ही तिसरी. आपण तिन्ही एकत्र धरतो. पहिल्या पायरीला वेळ लागला किंवा तिसरी पायरी वेगळी दिसली की लगेच म्हणून मोकळं, की दुसरी नाहीच. बऱ्याच ऑटिस्टिक लोकांचं तर उलट असतं, कोण दुखावलंय हे एकदा शब्दांत कळलं की त्यांना ते इतकं लागतं की दिवसभर डोक्यातून जात नाही.

आणि सगळे सारखे नसतात हे पण इथेच सांगते. काही ऑटिस्टिक लोक चेहरे अगदी नीट वाचतात. त्यामुळे खालचं काहीही "सगळ्यांना लागू" म्हणून घेऊ नका, समोरच्या माणसाला लागू पडतंय का ते बघून घ्या.

चेहरा दिसल्यावर मेंदू काय करतो

डोळ्यातून आलेलं चित्र आधी डोक्याच्या मागच्या बाजूला दृष्टीच्या भागात जातं, तिथून कानाच्या बाजूने मेंदूच्या खालच्या अंगाला एक पट्टा आहे तिकडे. या पट्ट्यात फ्युझिफॉर्म नावाचा भाग आहे, तो चेहऱ्यांना खास जोराने प्रतिसाद देतो, १९९७ मध्ये नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी त्याला फ्युझिफॉर्म फेस एरिया असं नावच दिलं. हा चेहरा कुणाचा हे ठरवण्यात त्याचा मोठा वाटा. पण चेहऱ्यावर जे हलतं, म्हणजे नजर कुठे वळली, ओठ कसे मुडपले, भुवई कधी उचलली, ते जास्त करून वरच्या बाजूला कानशिलाजवळच्या एका खाचेतला भाग बघतो. त्याशिवाय बदामाच्या आकाराचा अमिग्डाला, तो खोल आत असतो आणि "हे माझ्यासाठी महत्त्वाचं आहे का, इथे धोका आहे का" याच्याशी त्याचा संबंध. जेम्स हॅक्सबी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये हे सगळं एकत्र मांडलं, की चेहरा वाचणं हे एका भागाचं काम नाहीये, अनेक भाग एकमेकांना माहिती देत घेत ते करतात.

हे किती पटकन होतं बघा. डोक्यावर ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणाऱ्या, पट्ट्या लावून चेहरा दाखवला तर साधारण १७० मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या हिश्शात, एक ठराविक लाट दिसते. तिला एन-१७० म्हणतात. अनेक अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा ऑटिस्टिक लोकांत ही लाट सरासरीने थोडी उशिरा येते असं दिसलं. काही मिलिसेकंदांचाच फरक आहे, पण चालू गप्पांमध्ये चेहरे सतत बदलत असतात, आणि एक भाव समजेपर्यंत पुढचा आलेला असेल तर मागे पडायला होणारच ना.

मग नेमकं कुठे वेगळं होतं

इथे संशोधकांनी स्वतःची मतं बरीच बदलली आहेत आणि तो प्रवास माहीत असणं मला फार गरजेचं वाटतं, कारण जुनी मतं अजून फिरतात.

२००० च्या आसपास स्कॅनमध्ये दिसलं की चेहरे बघताना ऑटिस्टिक लोकांचा फ्युझिफॉर्म भाग कमी सक्रिय होतो. निष्कर्ष असा निघाला की तो भागच नीट चालत नाही. नंतर २००४ मध्ये नूशिन हाजीखानी आणि सहकाऱ्यांनी चित्राच्या मध्यभागी एक खूण ठेवली, नजर तिथे टिकावी म्हणून, तर तोच भाग छान सक्रिय झालेला दिसला. म्हणजे यंत्र बंद नव्हतं, नजर दुसरीकडे होती. २००२ मध्ये अमी क्लिन यांच्या गटाने नजरेचा माग घेणारा कॅमेरा वापरून दाखवलं होतं की माणसामाणसातले प्रसंग बघताना ऑटिस्टिक तरुणांची नजर डोळ्यांवर कमी आणि तोंडावर, अंगावर, आजूबाजूच्या वस्तूंवर जास्त असते. आता विचार करा, आनंद तोंडावर दिसतो, पण भीती मुख्यतः विस्फारलेल्या डोळ्यांत असते आणि राग भुवयांत. सगळे अभ्यास मिळून बघितले तर आनंद ओळखण्यात ऑटिस्टिक लोकांना फारशी अडचण दिसत नाही, भीतीत जास्त दिसते, हे नजरेच्या गोष्टीशी बरंच जुळतं.

पण मग नजर डोळ्यांकडे का जात नाही? २००५ मध्ये किम डाल्टन आणि सहकाऱ्यांना दिसलं की ऑटिस्टिक गटात जो जितका जास्त वेळ डोळ्यांकडे बघत होता तितका त्याचा अमिग्डाला जास्त पेटत होता. २०१७ मध्ये हाजीखानी यांच्याच गटाने चेहऱ्याच्या डोळ्यांच्या भागावरच बघायला लावलं तेव्हा ऑटिस्टिक लोकांच्या मेंदूच्या खोल भागात नेहमीपेक्षा जास्त हालचाल दिसली. आणि कितीतरी ऑटिस्टिक मोठी माणसं वर्षानुवर्षं हेच सांगत आली आहेत, की डोळ्यात डोळे घातले की चटका बसल्यासारखं होतं, काहींना शारीरिक त्रास होतो. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, दोन वर्षांच्या मुलांवरच्या एका अभ्यासात टाळाटाळ दिसली नाही, तर डोळ्यांमध्ये काही खास आहे हेच त्यांना जाणवत नसावं असं दिसलं. म्हणजे लहानपणी एक कारण आणि मोठेपणी दुसरं असू शकतं, किंवा माणसागणिक वेगळं.

मला सगळ्यात जास्त हलवून गेलेला अभ्यास २०२१ चा आहे. मॅथ्यू लर्नर आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी चेहरे दाखवताना ईईजी घेतला आणि नुसत्या मेंदूच्या लहरींवरून समोर कोणता भाव होता हे कॉम्प्युटरला ओळखायला लावलं. ऑटिस्टिक मुलांनी स्वतः उत्तरं देताना जास्त चुका केल्या, पण त्यांच्या लहरींवरून कॉम्प्युटरला भाव बरोबर ओळखता आला. म्हणजे माहिती मेंदूत नीट पोचली होती आणि उमटली पण होती, ती वापरून उत्तरापर्यंत जायच्या रस्त्यात काहीतरी वेगळं होत होतं. "याला दिसतच नाही" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावंसं वाटतं.

दुसरीकडून कोहितिज कर यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम आहे, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधलं. त्याआधी शुओ वांग आणि राल्फ अ‍ॅडॉल्फ्स यांनी भीतीकडून आनंदाकडे हळूहळू सरकत जाणारे चेहरे दाखवले होते, आणि ऑटिस्टिक प्रौढांना "हा आनंदी" म्हणायला चेहऱ्यावर जास्त आनंद लागत होता. कर यांनी तेच चेहरे दृष्टीची नक्कल करणाऱ्या कृत्रिम न्यूरल नेटवर्कला, म्हणजे मेंदूतल्या जोडण्यांसारख्या थराथरांनी बनवलेल्या कॉम्प्युटर प्रोग्रामला, दिले. दोन्ही गटांतला फरक सगळ्यात चांगला उलगडला तो नेटवर्कच्या शेवटच्या थरांत, जे मेंदूतल्या खालच्या कानशिलाच्या पट्ट्याशी जुळतात. म्हणजे सगळं खापर अमिग्डालावर फोडायची जी सवय होती तिच्यापलीकडे, दृष्टीच्या वाटेवरच काय होतं हे बघावं लागेल असं त्यातून दिसतं. मधल्या जोडण्यांमध्ये खरखर जास्त असावी अशी त्यांची मांडणी आहे. रेडिओवर स्टेशन लागलंय पण खरखर आहे, मोठ्या आवाजातलं गाणं कळतं आणि हळू बोललेलं सुटतं, मी तरी ते माझ्यापुरतं असं समजून घेतलं.

आणि आता सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. अ‍ॅलेक्सिथिमिया. म्हणजे स्वतःला काय वाटतंय तेच ओळखता न येणं, पोटात गोळा आलाय हे कळतं पण ती भीती आहे का राग का भूक हे नाही कळत. साधारण निम्म्या ऑटिस्टिक लोकांत हे आढळतं, इतरांत साधारण ५ टक्के. रिचर्ड कुक, जेफ्री बर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की चेहऱ्यावरचे भाव ओळखण्यातली अडचण ऑटिझमपेक्षा या अ‍ॅलेक्सिथिमियाशी जास्त जोडलेली आहे. स्वतःच्या आतल्या भावनेला नाव नसेल तर समोरच्याच्या चेहऱ्याला कुठलं नाव चिकटवणार? घरच्यांनी हे आधी तपासून बघावं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण इथे मदतीची दिशाच बदलते. आधी स्वतःच्या शरीराची भाषा शिकायची, मग दुसऱ्याचा चेहरा.

आता करायचं काय

चेहऱ्याने जे सांगताय ते तोंडाने सांगा. बस, निम्मं काम इथे होतं. ऐकायला सोपं वाटतं पण करून बघा, आपल्याला सवयच नाहीये, आपण डोळे वटारतो, नाक मुरडतो, गाल फुगवून बसतो आणि समोरच्याने ओळखावं म्हणून थांबतो. त्याऐवजी भावना, कारण आणि काय हवंय हे तिन्ही एका वाक्यात. "मला राग आलाय, कारण तू येतो म्हणालास आणि आला नाहीस, पुढच्या वेळी उशीर होणार असेल तर मेसेज कर." किंवा "मी आज दमलेय, तुझ्यावर रागावलेली नाहीये, अर्धा तास एकटीला बसू दे." हे दुसरं वाक्य फार म्हणजे फार महत्त्वाचं, कारण ज्या माणसाला चेहरे नीट लागत नाहीत त्याला आयुष्यात इतक्यांदा अचानक ओरडा बसलेला असतो की थकलेला चेहरा पण त्याला रागाचा वाटतो आणि तो आतल्या आत घाबरून बसतो. "तुझ्यावर नाही" हे सांगायला दोन सेकंद लागतात.

नुसतं "मला वाईट वाटलं" पण अर्धवटच आहे. किती वाईट? आम्ही घरी आकडा वापरतो, १ ते १०. "मी आत्ता ४ वर आहे" म्हटलं की भाच्याला लगेच कळतं की जग बुडत नाहीये, आणि त्याने "८" म्हटलं की मला कळतं की आता प्रश्न विचारायचे नाहीत.

मग वेळ. बोलून झाल्यावर थांबा. मनात पाच पर्यंत मोजा, गरज पडली तर दहा. मधल्या शांततेत आपण तेच वाक्य वेगळ्या शब्दांत परत सांगतो ना, ते करू नका, कारण त्याच्यासाठी ते नवीन वाक्य असतं आणि काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. फ्रान्समधल्या ब्रुनो गेपनेर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं होतं की चेहऱ्याची हालचाल आणि आवाज हळू करून दाखवला तर ऑटिस्टिक मुलांना, विशेषतः ज्यांना जास्त अडचण आहे त्यांना, भाव जास्त ओळखता येतात. आपण काही व्हिडिओ नाही आपला वेग कमी करायला, पण बोलणं सावकाश करता येतं, एका वेळी एकाच माणसाने बोलणं जमवता येतं, आणि मोठा आवाज, लखलखणारे दिवे, मागे चालू टीव्ही हे बंद करता येतं. महत्त्वाचं बोलणं घोळक्यात करूच नका.

"माझ्या डोळ्यात बघून बोल" हे वाक्य सोडून द्या. मला माहितीये की शाळेत, घरात हे चांगलं वळण म्हणून शिकवलं जातं, आणि वरचं वाचून कुणाला वाटेल की डोळ्यांत माहिती असते तर मग बघायला लावायलाच पाहिजे ना. अ‍ॅडॉल्फ्स यांनीच २००५ मध्ये एका बाईचा अभ्यास केला होता, तिचे दोन्ही अमिग्डाला निकामी होते आणि तिला भीतीचे चेहरे ओळखता येत नव्हते, "डोळ्यांकडे बघा" असं सांगितलं की तिला ओळखता यायला लागले. पण ती ऑटिस्टिक नव्हती, आणि समोर फोटो होते. जिवंत माणसाचे डोळे फोटोसारखे गप्प बसत नाहीत. ज्याला डोळ्यात बघितल्यावर त्रास होतो तो सगळी ताकद तो त्रास सोसण्यात घालवतो आणि तुमचं बोलणं ऐकायला काही उरत नाही. माझ्या भाच्याने हेच सांगितलं होतं की. शेजारी शेजारी बसून बोला, चालता चालता बोला, हाताने काहीतरी करत बोला. तो भिंतीकडे बघत असला तरी ऐकत असतो. काहींना भुवयांच्या मध्ये किंवा नाकाकडे बघणं जमतं, ते त्यांनी स्वतः ठरवलं असेल तर छान.

फोटोचे फ्लॅशकार्ड आणि अ‍ॅप यांच्याबद्दल बरेच जण विचारतात. वाईट नाहीत, मुलाला मजा येत असेल तर जरूर करा. पण सरावातले चेहरे ओळखता आले म्हणजे खरे चेहरे ओळखता येतील असं होत नाही, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. कार्डावरचा माणूस अभिनय करत असतो, राग म्हणजे पूर्ण राग. खऱ्या घरात माणूस हसत हसत रागावलेला असतो. त्यापेक्षा दोघं मिळून एखादा सिनेमा बघा, मध्येच थांबवा, आणि परीक्षा न घेता तुम्हीच बोला, "मला वाटतं तिला वाईट वाटलंय, कारण आधी तो तसं बोलला आणि आता ती खाली बघतेय." चेहऱ्याबरोबर आधी काय घडलं ते जोडा. चेहरा हा एकच पुरावा नाही, प्रसंग, आवाज, त्या माणसाच्या सवयी, हे पण पुरावेच आहेत, आणि बऱ्याच ऑटिस्टिक लोकांना कारण आणि परिणाम जोडून भावना ओळखणं चेहऱ्यापेक्षा सोपं जातं.

तुम्हाला त्यांचा चेहरा वाचता येतो का

हा प्रश्न आपण विचारतच नाही. डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२ मध्ये दुहेरी सहानुभूतीचा मुद्दा मांडला, की न समजण्याचा प्रश्न दोन्ही बाजूंनी असतो. नंतरच्या प्रयोगांत दिसलं पण तसंच, ऑटिस्टिक नसलेल्या लोकांना ऑटिस्टिक चेहऱ्यावरचे भाव ओळखताना अडचण येते. आणि २०२० मध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन यांच्या गटाने कानगोष्टींच्या खेळासारखा एक प्रयोग केला, गोष्ट एकाने दुसऱ्याला सांगत पुढे न्यायची, तर फक्त ऑटिस्टिक लोकांची साखळी इतरांच्या साखळीइतकीच चांगली चालली, गळती जास्त झाली ती मिसळलेल्या साखळीत.

म्हणून "चेहऱ्यावरची माशी पण हलली नाही" असं बघून निष्कर्ष काढू नका. त्याचे संकेत वेगळीकडे असतील. भाचा खूश असला की बोटं हलवतो, घाबरला की आवाज एकदम सपाट होतो, राग आला की अतिशय शुद्ध आणि पूर्ण वाक्यं बोलायला लागतो. हे कळायला मला काही वर्षं लागली, वहीत लिहून ठेवत गेले म्हणून कळलं. तुम्ही पण पंधरा दिवस लिहून बघा, काय घडलं, शरीर काय करत होतं, नंतर विचारल्यावर त्याने काय सांगितलं. नंतर म्हणजे शांत झाल्यावर, कधी कधी दुसऱ्या दिवशी, आणि बोलून नको तर लिहून.

तुम्ही स्वतः ऑटिस्टिक असाल तर

ओळखायचा आटापिटा करण्यापेक्षा विचारायची दोन वाक्यं तयार ठेवा. "मला चेहऱ्यावरून पटकन कळत नाही, तू रागावली आहेस का?" आणि "मला हे समजून घ्यायला वेळ लागेल, उद्या बोललं तर चालेल का?" जवळच्या माणसांना शांत वेळी आधीच सांगून ठेवा की मी असं विचारेन, म्हणजे भांडणाच्या मध्ये ते उद्धट वाटत नाही. दिवसभर इतरांसारखा चेहरा ठेवण्याची कसरत करत असाल तर ती कुठे थांबवता येईल अशी एक तरी जागा आणि एक तरी माणूस शोधा, कारण सतत मुखवटा घालून वावरण्याचा संबंध चिंता आणि नैराश्याशी दिसून आलाय. आणि स्वतःला काय वाटतंय तेच कळत नसेल तर मानसतज्ज्ञाकडे जाऊन अ‍ॅलेक्सिथिमिया हा शब्द वापरून विचारा, त्याची प्रश्नावली असते, २० प्रश्नांची.

परवा भाचा आला, माझ्याकडे न बघता सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "मावशी, तुझा चेहरा आज वेगळा आहे, पण मला कळत नाहीये कसला." मी म्हटलं दात दुखतोय, ६ वर आहे. तो म्हणाला ठीक आहे मग मी हळू बोलतो, आणि त्याने शनीचं जिथे राहिलं होतं तिथून पुढे सांगायला सुरुवात केली, हळू आवाजात.